उद्यानाचं आरक्षण आधी कागदावर उठतं. लढाईही तिथूनच सुरू करा

प्रश्न थोडक्यात असा: महाराष्ट्रातल्या एका महापालिका हद्दीत, विकास आराखड्यात उद्यानासाठी राखीव असलेला सुमारे एक हेक्टरचा भूखंड आहे. त्यावर जुनी झाडं आहेत, मुलं खेळतात. आता तिथे बांधकाम प्रकल्प येणार अशी कुणकुण लागली आहे. रहिवाशांनी सहाशे सह्या गोळा केल्या आहेत. पुढे काय करायचं?

सह्या तूर्त बाजूला ठेवा. आधी एकच गोष्ट शोधायची: हा भूखंड नेमक्या कुठल्या वाटेनं हातातून जातो आहे? वाटेनुसार कायद्याचं कलम बदलतं, मुदत बदलते, निर्णय घेणारं टेबलही बदलतं. बहुतेक मोहिमा जेसीबी आल्यावर जाग्या होतात आणि झाडांपासून सुरुवात करतात. तोपर्यंत आरक्षण उठून वर्ष-दोन वर्षं झालेली असतात. मग झाडांची लढाई जिंकली तरी इमारत फार तर थोडी सरकते.

वाट ओळखण्यासाठी तीन कागद पुरतात. नगररचना विभागाकडून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका घ्या, शहराच्या कडेची जमीन असेल तर सात-बारा. आणि आजूबाजूच्या सोसायट्यांच्या मूळ रेखांकनाची, म्हणजे मंजूर ले-आउटची, प्रत मिळवा. तिसरा कागद लोक विसरतात. ज्याला सगळे ‘बाग’ म्हणतात ती जागा आराखड्यातलं आरक्षण नसून ले-आउटमधली खुली जागा किंवा अ‍ॅमेनिटी स्पेस (सार्वजनिक सोयींसाठी सोडलेली जागा) निघाली, असं पुष्कळदा होतं. मुंबई वगळता बहुतेक शहरांना लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या रेखांकनात 10 टक्के खुली जागा सोडावी लागते. ती त्या ले-आउटमधल्या भूखंडधारकांच्या वापरासाठी असते, त्यामुळे ती बदलण्याला हरकत घेण्याचा त्यांचा हक्क अधिक भक्कम असतो. अ‍ॅमेनिटी स्पेसचं तसं नाही. तिथे दवाखाना, शाळा, बाजार असं बरंच काही बसू शकतं, म्हणून ‘ही बागेचीच जागा आहे’ हा दावा तिथे लंगडा पडतो.

तुमच्या बाबतीत दाखल्यावर ‘उद्यान’ असं आरक्षण आहे असं धरू. मग पहिला संशय महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 वर घ्यावा.

हे कलम म्हणतं की आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो. बोलीभाषेत तिला खरेदी सूचना म्हणतात. नोटीस मिळाल्यापासून 24 महिन्यांत संपादन झालं नाही, किंवा त्यासाठीची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. मग शेजारच्या जमिनीवर जे बांधता येतं ते इथेही बांधता येतं. ही मुदत पूर्वी कमी होती. 2015 च्या दुरुस्तीनं ती 24 महिने झाली. समजा आराखडा 1 मार्च 2014 ला अमलात आला आणि नोटीस 10 जून 2024 ला पोचली, तर तुमची शेवटची तारीख 10 जून 2026. ही तारीख मोहिमेतल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवी.

खरी गोम ‘पावलं’ या शब्दात आहे. महापालिका सर्वसाधारण सभेत संपादनाचा ठराव करते, जिल्हाधिकाऱ्यांना प्रस्ताव पाठवते, वर्तमानपत्रात ‘उद्यान वाचलं’ अशी बातमी येते, पेढे वाटले जातात. पण 2007 च्या गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की ठराव किंवा प्रस्ताव म्हणजे पाऊल नव्हे. भूसंपादन कायद्याखालची घोषणा निघायला हवी. जुन्या कायद्यात ते कलम 6 होतं, 2013 च्या कायद्यात कलम 19 आहे. म्हणजे प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयात पैशांअभावी पडून राहिला, तर पेढे खाऊनही आरक्षण जातं. म्हणून दर महिन्याला एकच प्रश्न विचारत राहायचा: घोषणेची अधिसूचना राजपत्रात निघाली का?

ती अडते ती पैशांवर. 2013 च्या कायद्यानुसार शहरी भागात बाजारमूल्य आणि त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते. एक हेक्टर म्हणजे 10,000 चौ.मी. दर चौ.मी.ला 20,000 रुपये धरला तरी मूल्य 20 कोटी आणि दिलासा रकमेसह 40 कोटी, वर व्याजासारखी भर वेगळी. मध्यम शहराच्या महापालिकेला ही रक्कम एका वर्षात झेपत नाही, आणि आयुक्त तसं फाइलवर लिहूनही टाकतात. म्हणून मोहिमेचं एक तोंड अंदाजपत्रकाकडे हवं. आयुक्तांचा मसुदा स्थायी समितीकडे जायच्या आधीच ‘आरक्षण क्र. अमुकचे भूसंपादन’ असं स्वतंत्र लेखाशीर्ष मागायचं. ‘उद्याने विकास’ अशा ढोबळ शीर्षाखालची रक्कम मार्चअखेर पेव्हर ब्लॉकवर खर्च होते. टीडीआर, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क, हा दुसरा मार्ग, पण त्याला मालक तयार लागतो. नोटीस देऊन बसलेला मालक सहसा तयार नसतो. इमारतीतून त्याहून जास्त सुटेल असा त्याचा हिशेब असतो.

आता नोटिशीची चिरफाड. ती देणाऱ्याचं नाव मिळकत पत्रिकेवर आहे का? कायद्यानं नोटिशीसोबत मालकीची किंवा हितसंबंधाची कागदपत्रं जोडणं सक्तीचं आहे. नुसत्या समझोत्याच्या कागदावर बिल्डरनं नोटीस दिली असेल, सहमालकांपैकी एकानंच दिली असेल, कुळाचा किंवा वारसाचा वाद चालू असेल, तर मुद्दा उभा राहतो. 10 वर्षं पूर्ण होण्याआधी दिलेली नोटीस टिकत नाही. इथे एक बारकावा आहे. आराखडा मंजूर होताना काही आरक्षणं ‘वगळलेला भाग’ म्हणून मागे ठेवली जातात आणि नंतर वेगळ्या अधिसूचनेनं मंजूर होतात. तुमचं आरक्षण त्यातलं असेल तर मोजणी त्या नंतरच्या तारखेपासून होते. तसंच नोटीस येण्याआधीच सुधारित आराखडा अमलात आला असेल, तर हा मुद्दा वकिलाला आवर्जून सांगा. सगळं गणित त्यावर फिरू शकतं.

ही माहिती माहिती अधिकारातून काढायची, पण अर्ज नीट लिहायला हवा. महाराष्ट्रात अर्जाला 150 शब्दांची आणि एका विषयाची मर्यादा आहे. ‘आमची बाग बिल्डरला का दिली?’ या प्रश्नाला ‘ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं आणि 30 दिवस फुकट जातात. असं लिहा: ‘मौजे अमुक, सर्व्हे नं. अमुक, विकास योजना आरक्षण क्र. अमुक (उद्यान) या मिळकतीबाबत कलम 127 अन्वये प्राप्त झालेली सूचना, सोबतची कागदपत्रे, त्यावरील टिपणी व जिल्हाधिकाऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार यांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात.’ दुसऱ्या अर्जात बांधकाम परवानगीसाठी आलेले प्रस्ताव मागा. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. उत्तर न आल्यास 30 दिवसांत पहिलं अपील. पण प्रतींची वाट पाहत बसू नका. 2018 च्या शासन परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहायला खुले असतात. दोघांनी जावं. एकानं फाइल चाळावी, दुसऱ्यानं पानांचे क्रमांक आणि टिपणीच्या तारखा उतरवून घ्याव्यात. टिपणीची पानं, म्हणजे कोणत्या अभियंत्यानं काय शेरा मारला ती, पत्रांपेक्षा जास्त बोलतात. खालच्या अधिकाऱ्यानं ‘संपादन आवश्यक’ लिहिलंय आणि वर जाता जाता ते विरघळलंय, हे तिथेच दिसतं.

दुसरी वाट कलम 37, म्हणजे आराखड्यातला किरकोळ फेरबदल. उद्यानाचं आरक्षण बदलून निवासी किंवा ‘सार्वजनिक-निमसार्वजनिक’ करायचं. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना निघते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. जाहिरात कमी खपाच्या दैनिकात, आतल्या पानावर, ‘मौजे अमुक, स.नं. अमुक’ अशा भाषेत येते. त्यात तुमच्या वस्तीचं नावसुद्धा नसतं. म्हणून सर्व्हे नंबर पाठ हवा. त्याआधी प्रस्ताव सर्वसाधारण सभेत येतो, आणि नाजूक विषय छापील विषयपत्रिकेत न येता ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून येतात. नगरसचिव कार्यालयातून सभेचं इतिवृत्त दर वेळी काढायची जबाबदारी एका माणसाकडे द्या. काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्या मोहिमेत याहून उपयोगी काम नाही.

हरकती मात्र भरपूर हव्यात, आणि एकाच कागदावर सहाशे सह्या नकोत. सहाशे सह्यांचं निवेदन आवक रजिस्टरमध्ये एक हरकत म्हणून नोंदलं जातं. साठ स्वतंत्र हरकती साठ धरल्या जातात आणि प्रत्येकाला सुनावणीला बोलवावं लागतं. मजकूर मात्र झेरॉक्स छापाचा नको, एकसारख्या हरकती एकत्र गुंडाळल्या जातात. एकानं लोकसंख्येचं प्रमाण मांडावं: केंद्र सरकारच्या 2014 च्या नागरी नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी 10 ते 12 चौ.मी. मोकळी जागा सुचवली आहे. तुमच्या प्रभागात किती आहे ते विकास आराखड्याच्या अहवालातूनच काढून दाखवा. दुसऱ्यानं पावसाळ्यात त्या भागात पाणी कसं साचतं ते फोटो आणि तारखांसह द्यावं. तिसऱ्यानं पुढची सार्वजनिक बाग चालत किती अंतरावर आहे आणि मध्ये कुठला हमरस्ता ओलांडावा लागतो ते लिहावं. कायद्याचा आधार हवा तिथे दोन निकाल पुरेत. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखीव जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये रद्दबातल ठरवला आणि रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे असं सांगितलं (बंगळूर मेडिकल ट्रस्ट वि. मुद्दप्पा). लखनौच्या झंडेवाला पार्कखालचं भूमिगत बाजार-संकुल तर 1999 मध्ये पाडायला लावलं (एम. आय. बिल्डर्स प्रकरण). ‘झाडं प्राणवायू देतात’ हे वाक्य कुठेच नको. सुनावणीतल्या अधिकाऱ्यानं ते हजारदा ऐकलेलं असतं.

पहिल्याच हरकतीत ‘निदान पर्यायी जागा तरी द्या’ असं लिहू नका. पुढे तेच वाक्य ‘नागरिकांची तत्त्वतः संमती आहे’ असं होऊन फाइलवर बसतं. आणि प्रत्येक हरकतीच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच नसलेला कागद दिलाच नव्हता, असंच कोर्टात समजलं जातं.

तिसरी वाट म्हणजे महापालिकेचाच प्रकल्प: बागेच्या पोटात वाहनतळ, कडेला सभागृह, किंवा जागा दीर्घ मुदतीच्या भाड्यानं देणं. भाडेपट्टा असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम 79 पाहा: बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात मिळकत देता येत नाही. इथे लेखापरीक्षण आक्षेपाची भीती हरकतींपेक्षा जास्त कामाची ठरते, म्हणून पत्राची प्रत मुख्य लेखापरीक्षकांनाही द्या.

आता झाडं. ती आरक्षणाची जागा घेऊ शकत नाहीत, पण वेळ मिळवून देतात. झाडं तोडायला महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 खाली परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष मानलं जातं. पाच वर्षं किंवा त्याहून जास्त वयाची 200 किंवा अधिक झाडं जात असतील तर प्रकरण राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे नेण्याची तरतूदही त्या दुरुस्तीत होती; ती आज लागू आहे का ते आधी तपासा. लागू असेल तर अर्जातला आकडा 190 च्या घरात दिसला की कान टवकारावेत.

स्वतःची वृक्षगणना अर्ज येण्याआधी करा. चौघांची टोळी पुरते: एक फीत धरणारा, एक नाव सांगणारा, एक लिहिणारा, एक फोटो काढणारा. खोडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजायचा. त्याखालीच खोड फुटलं असेल तर प्रत्येक फाटा वेगळा मोजून ‘एकच झाड, तीन खोडं’ असं लिहायचं. फोटोवर तारीख आणि अक्षांश-रेखांश उमटवणारं अ‍ॅप वापरा. घरटी, ढोल्या, वेली, सगळं नोंदवा. क्रमांकासाठी खिळे ठोकू नका, सुतळीनं पुठ्ठा बांधा. घेरावरून वय थेट ठरवू नका. वडाचा घेर आणि कडुनिंबाचा घेर यांचं गणित एक नाही. वयासाठी जुनी मोजणी, जुने फोटो, महापालिकेची आधीची वृक्षगणना हे पुरावे जास्त टिकतात. कायद्यानं ती गणना दर पाच वर्षांनी व्हायला हवी, तेव्हा मागची यादी माहिती अधिकारात मागा. मग अर्जातली यादी आली की तीन याद्या शेजारी ठेवायच्या. मोठा उंबर ‘झुडूप’ झालेला, पन्नास झाडं गायब, जिवंत झाडापुढे ‘वाळलेले’ असा शेरा, हे सगळं याच तुलनेत सापडतं. तोडीची नोटीस झाडाला चिकटवलेली दिसली तर झाडासकट फोटो घ्या. हरकतीचे दिवस फार थोडे असतात, बहुधा आठवडाभर. म्हणून मसुदा तयार हवा, फक्त झाडांचे क्रमांक भरायचे राहिलेले. पुनर्रोपणाच्या आश्वासनावर फार विसंबू नये. मुळं छाटून एप्रिलमध्ये हलवलेलं झाड पावसाळ्यापर्यंत हिरवं दिसतं आणि दिवाळीपर्यंत वाळतं. तोवर बातमी शिळी झालेली असते.

कोर्टाबद्दल दोनच गोष्टी, पण महत्त्वाच्या. एक, दार चुकवू नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पहिल्या अनुसूचीत सात केंद्रीय कायदे आहेत. नगररचना कायदा आणि राज्याचा वृक्ष कायदा त्यात नाही. फक्त आरक्षणाचा वाद घेऊन तिथे गेलात तर महिने वाया जातील. तो विषय उच्च न्यायालयाचा. प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागली असेल तर मात्र तिच्याविरुद्ध न्यायाधिकरणात 30 दिवसांत अपील करता येतं.

दोन, मालक स्वतःच उच्च न्यायालयात जाऊन ‘आरक्षण व्यपगत झालं आहे असं जाहीर करा’ अशी याचिका करतो. प्रतिवादी फक्त महापालिका आणि शासन. महापालिकेचा वकील ‘संपादन झालेलं नाही’ एवढं मान्य करतो आणि दोन-तीन तारखांत निकाल लागतो. रहिवाशांना पत्ताच नसतो. म्हणून उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मालकाच्या नावानं दर आठवड्याला शोध घ्यायचा, आणि याचिका दिसली की त्याच आठवड्यात हस्तक्षेप अर्ज. नोटीस सदोष आहे हा मुद्दा तिथे फक्त तुम्हीच मांडणार असता.

अर्जदार निवडताना त्यांचं स्वतःचं घर तपासा. ज्यानं गच्ची बंदिस्त केली आहे किंवा ज्याच्या सोसायटीनं त्याच भूखंडावर पार्किंगची शेड घातली आहे, तो पहिल्याच प्रतिज्ञापत्रात उघडा पडतो. भूखंडावरचं मंडळाचं पत्र्याचं मंदिरही तसंच: लोकांना ते जागेचं संरक्षण वाटतं, पण फाइलवर ते अतिक्रमण असतं.

निकाल विरोधात जाऊ शकतो हे धरून चाला. मुंबईच्या आरे कॉलनीत मेट्रो कारशेडसाठी होणाऱ्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयानं 4 ऑक्टोबर 2019 ला फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली, तोवर परवानगीतल्या 2,185 पैकी 2,141 झाडं पडली होती. निकालाचं वाचन संपताच, कोर्टातच, परिस्थिती ‘जैसे थे’ ठेवण्याची तोंडी मागणी करायची असं वकिलाला आधी सांगून ठेवा, आणि पुढच्या अपिलाचा कच्चा मसुदा तयार ठेवा. त्या रात्री जमलेल्यांपैकी 29 जणांना अटक झाली होती. हल्ला किंवा बळाचा वापर करून सरकारी कर्मचाऱ्याला कामात अडवल्याचा गुन्हा, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 132, विद्यार्थ्याच्या नोकरीच्या आणि पासपोर्टच्या पडताळणीत वर्षानुवर्षं निघत राहतो. यंत्रापुढे कोणी उभं राहायचं हे आधी ठरवा. तिथे गेल्यावर परवानगीचा कागद मागायचा, त्याचा फोटो घ्यायचा, वृक्ष अधिकाऱ्याला फोन करायचा, 112 ला तक्रार नोंदवायची. हात लावायचा नाही.

माणसांच्या जुळवाजुळवीवर फार लिहीत नाही, ते तुम्हाला जमेल. एवढंच: सकाळी चालायला येणारे हे मोहिमेचा चेहरा होतात, पण संध्याकाळी तिथे खेळणारी मुलं बहुधा शेजारच्या वस्तीतली असतात. सकाळी 6 ते 8 आणि दुपारी 4 ते 7 अशी दोन वेळा माणसं मोजा, एक शनिवार-रविवार आणि दोन कामाचे दिवस. वस्तीतल्या पालकांच्या हरकती त्यांच्याच सहीनं द्या. तसं नसेल तर ‘हे फ्लॅटवाल्यांचं नाटक आहे’ हा आरोप पहिल्याच पत्रकार परिषदेत येतो, आणि खरं सांगायचं तर तो पूर्णपणे चुकीचाही नसतो.

घोषणा निघाली, फेरबदल रद्द झाला, तरी फाइल बंद करू नका. निवाडा (भरपाई ठरवणारा आदेश), ताबा पावती, मोजणी, कुंपण आणि मिळकत पत्रिकेवर महापालिकेचं नाव, हे पाच टप्पे उरतात. ताबा पावती झाली पण पत्रिकेवर फेरफार नोंदच घातली नाही, आणि दहा वर्षांनी मूळ मालकाच्या वारसांनी जागा विकायला काढली, असं सर्रास घडतं. मोजणी मागताना भाग नकाशावरचं क्षेत्र आणि सर्व्हेचं क्षेत्र जुळतं का ते पाहा. आठ-दहा गुंठ्यांचा फरक हमखास निघतो आणि तो नेमका रस्त्याकडेच्या बाजूला असतो. फेरफार अर्जाची पोच हातात आल्यावर पुढच्या सोमवारी 3 वाजता परत रेकॉर्ड पाहायला जा.